हलतं तेवढंच दिसतं

चन्नप्पा मालकांच्या टॉवेल कारखान्याचा वॉचमन कोंडीबा याचा एक हट्ट साऱ्या अक्कलकोट रोड एमआयडीसीला ठाऊक होता. पांढरा टॉवेल उघड्यावर वाळत घालू द्यायचा नाही. लाल घाला, हिरवा घाला, चादरी घाला, तोंडातून शब्द निघायचा नाही. पण पांढरं काही दोरीवर दिसलं की हा पन्नाशी उलटलेला गडी गेट उघडं टाकून धावत सुटायचा.

"मल्लव्वा, काढ ते. शेडात घाल."

"शेडात वाळंना की हो मामा. भाइर ऊन बघा की, फुकट चाललंय."

"जाऊ दे फुकट. काढ म्हनतो न्हवं!"

मल्लव्वा वाळवणाची मुकादम. ती टॉवेल गोळा करता करता कानडीत 'हुच्च' म्हणायची, म्हणजे वेडा. कोंडीबाला तेवढं कानडी येत होतं, पण तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मालक दोघांच्या भांडणात पडत नसत. करकंबचा मराठा, पलटणीत सहा वर्षं काढलेला, विडीकाडीचं व्यसन नाही, चोरीचा डाग नाही. अशा माणसाचा एखादा हट्ट सांभाळायला काय जातं, असा त्यांचा हिशेब.

चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत कारखान्यात जर्मनीहून एक जुनं मशीन आलं. ताण्याचे शेकडो धागे एकदम गुंडाळणारं, खोलीएवढं धूड. ते बसवायला त्याच्या मागोमाग एक साहेब आला. राइमर त्याचं नाव. उंच, हाडकुळा, कोंडीबाच्याच वयाचा. एक कान अर्धा गेलेला आणि दोन्ही हातांची कातडी मनगटापर्यंत चकचकीत, भाजून बरी झालेली असते तशी. उतरला मालकांच्याच घरी. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण पानात काही टाकायचा नाही.

साहेबाला इंग्रजी येत होतं आणि कारखान्यात ते कुणालाच येत नव्हतं. म्हणून मालकांनी अण्णाराव मास्तरांना बोलावलं. मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. सकाळची शाळा आटोपली की सायकल मारत यायचे आणि साहेबाच्या शेजारी असे उभे राहायचे, की मशीन त्यांनीच आणलंय असं वाटावं.

साहेबाची एक सवय होती. शेडमधून बाहेर पडताना तो दारात थबकायचा, उजवा हात लांब करून अंगठ्यानं सूर्य झाकायचा, अंगठ्याच्या कडेकडेनं आभाळ बघायचा आणि मगच अंगणात पाऊल टाकायचा. दिवसातून दहादा बाहेर पडला तर दहाही वेळा.

"बघा, साहेबसुद्धा सूर्याला नमस्कार करतो," मालक कौतुकानं म्हणाले. "एका बोटानं का हुईना."

सगळे हसले, कोंडीबा हसला नाही. ही सवय त्यानं पूर्वी पाहिली होती. इटलीत विमानं पाडायच्या तोफेवरचे गडी अस्संच करायचे. विमान सूर्याच्या आडून येतं. अंगठ्यानं सूर्य झाकला की डोळे दिपत नाहीत आणि कडेनं येणारा ठिपका दिसतो. नमस्कार कसला, ती भीती होती. त्या दिवसापासून कोंडीबाचं गेटवर मन लागेना. एका जागी बसवेना, उभं राहवेना, आणि डोळे सारखे त्या साहेबाकडं.

आठवड्याभरानं खुलासा झाला, तोही चारचौघांत. दुपारची सुट्टी होती, सगळे अंगणात डबे सोडून बसले होते. होटगी रोडच्या विमानतळाकडून एक छोटं विमान आलं. वैमानिकाला काय हुक्की आली होती कोण जाणे, ते अगदी खाली, शेडच्या पत्र्यांवरून घरघरत गेलं. बायका-पोरी उठून हात हलवायला लागल्या. विमान गेलं, धूळ खाली बसली, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की दोन माणसं जागेवर नाहीत. वॉचमन गेटशेजारच्या गटारीत पालथा होता आणि साहेब भिंतीच्या बुडाशी डोकं हातांत धरून आडवा.

हसता हसता बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गटारीतून डोकं वर काढत कोंडीबाच्या तोंडून निघून गेलं, "मादोन्ना मिया!"

तीस वर्षांत तो शब्द त्यानं उच्चारला नव्हता. इटलीतल्या म्हाताऱ्या बाया बॉम्ब पडला की असं ओरडायच्या. भिंतीपाशी साहेब झटकन उठून बसला. त्यानं विचारलं, "इतालिया? तू?"

"सांग्रो," कोंडीबा म्हणाला. "सांग्रो नदी. सोल्दातो." आणि छातीवर हात ठेवला, "इयो." म्हणजे शिपाई, मी.

साहेबानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग तेच बोट आभाळाकडं नेलं. "इयो, पिलोता."

करकंबचा वॉचमन आणि जर्मन साहेब परदेशी भाषेत बोलताहेत हे पाहून मास्तरांचा चेहरा उतरला. पण त्यांनी घाबरायचं कारण नव्हतं. कोंडीबाकडं त्या भाषेतले दहा-बारा शब्द होते. पाने म्हणजे भाकरी, आक्वा म्हणजे पाणी, फ्रातेल्लो म्हणजे भाऊ. आणि एक शब्द त्याच्या खास लक्षात राहिलेला. पलटणीच्या लंगरावर चपात्या भाजायला लागल्या की गावातली उपाशी पोरं कुंपणाला लोंबकळायची आणि हात पुढं करून ओरडायची, "आंकीयो! आंकीयो!" मला पण, मला पण. चपाती संपली तरी पोरं ओरडतच राहायची.

साहेब लढाऊ विमानाचा वैमानिक होता ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडं झाली. मग रोज चारच्या चहाला त्याच्याभोवती घोळका जमायला लागला. साहेब चार वाक्यं बोलायचा आणि मास्तर त्याची चौदा करायचे.

पहिल्यांदा आफ्रिकेच्या वाळवंटात होतो, असं साहेबानं सांगितलं. दिवसातून पाच-पाच वेळा उडायचं. वाळू भाकरीत, वाळू इंजिनात, वाळू डोळ्यांत. जमिनीवरचे लोक परत येणारी विमानं मोजायचे, बारा गेलेली असायची, नऊ यायची. रात्री जेवताना वाढलेली ताटं उरायची आणि ती उचलायला कुणी पुढं व्हायचं नाही. नंतर सिसिली, मग इटली. तोवर नवी येणारी पोरं एकोणीस वर्षांची होती आणि आठवडाभर टिकायची. साहेबानं त्यांची नावं लक्षात ठेवायचंच सोडून दिलं. सगळ्यांना नुसतं 'नवा' म्हणायचा. एक दिवस त्याच्याच इंजिनानं पेट घेतला, वरची काच उघडेना. हात भाजले ते तेव्हा.

"किती इमानं पाडली त्यानं?" गुरप्पा फिटरनं विचारलं.

साहेबानं कपात पाहिलं आणि मान हलवली. मास्तर म्हणाले, "चाळीस!" आणि सगळ्यांनी 'हाऽ' केलं.

कोंडीबा घोळक्याच्या मागं उभा असायचा. त्याच्या पोटात एक प्रश्न तीस वर्षं होता, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारा माणूस सोलापुरात, त्याच्याच गेटातून रोज आत-बाहेर करत होता. विचारावं तर धीर होईना, न विचारावं तर चैन पडेना. जेवण जाईना, भाकरी तशीच डब्यात राहायची.

प्रश्न धोतराचा होता.

कोंडीबा आणि त्याचा धाकटा भाऊ रावजी चाळीस साली बरोबरच पलटणीत भरती झाले. रावजीचं लग्न होऊन तीनच महिने झालेले. त्रेचाळीसच्या हिवाळ्यात पलटण सांग्रो नदीच्या काठावर होती, ऑलिव्हच्या झाडांखाली, चिखलात. चंपाषष्ठी आली. घरातून निघताना आईनं दोघांना भंडाऱ्याची पुरचुंडी दिली होती, ती कोंडीबानं तीन वर्षं जपली होती. खंडोबाला भंडारा वाहायचा तर धुतलेलं धोतर नेसूनच वाहायचा, खाकी चड्डीत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. पांढरं कापड उघड्यावर दिसता कामा नये असा हवालदाराचा सक्त हुकूम होता. पण बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. कोंडीबानं नदीवर धोतर धुतलं आणि दगडी बांधावर पसरलं. तासाभराचं काम, कोण बघतंय.

धोतर वाळत आलं आणि विमानांचा आवाज आला. कोंडीबा खंदकात होता, रावजी झाडाखाली बंदूक पुसत बसला होता. कोंडीबा ओरडला, "रावज्या, धोतर काढ!"

थोरल्या भावाचा शब्द रावजीनं कधी मोडला नव्हता. तो उठला आणि बांधाकडं धावला. त्याचा हात धोतरावर पडला तेव्हाच विमान नदीच्या अंगानं खाली आलं. त्याच धोतरात गुंडाळून कोंडीबानं भावाला इटलीच्या मातीत ठेवला आणि भंडारा त्याच्या कपाळाला लावला.

करकंबला येऊन त्यानं रावजीच्या बायकोला, सोनाबाईला, एवढंच सांगितलं की इमान आलं आणि त्यात गेला. धोतराचं कुणालाच सांगितलं नाही. सोनाबाई तेव्हा अठराची होती. माहेरी गेली नाही, दुसरं लग्न केलं नाही, दिराच्या पोरांचं करत त्याच घरात राहिली. ती समोर आली की कोंडीबा जमिनीकडं बघायचा. धोतर पसरलं नसतं तर विमानाला आपण दिसलोच नसतो, आपल्या सोवळ्यानं भाऊ खाल्ला, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. पण खरंच दिसतं का वरून एक धोतर? दिसत नसेल तर? कुणी एकदा 'नाही' म्हणालं असतं, तर त्याला उरलेलं आयुष्य मान वर करून जगता आलं असतं.

शेवटी एका शनिवारी त्यानं मास्तरांना गेटपाशी गाठलं.

"मास्तर, सायबाला एक इचारायचंय. पर एक अट हाय. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवा. त्यो बोलंल तेवडंच सांगायचं. चाळीस न्हाय करायचे."

मास्तर गोरेमोरे झाले. पण त्यांनी सदऱ्याच्या आत हात घालून गळ्यातल्या इष्टलिंगाला स्पर्श केला.

पाण्याच्या टाकीवर लोखंडी शिडी होती. साहेब अधूनमधून तिथं चढून आभाळाखाली बसायचा. त्या दिवशी तिघं वर चढले. खाली अंगणात मल्लव्वाचे रंगीत टॉवेल होते आणि त्यांच्या मध्ये एक पांढरं धोतर पसरलेलं होतं. ते कोंडीबानं स्वतः पसरलं होतं, आणि मल्लव्वा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं आ वासून बघत होती.

"इचारा," कोंडीबा म्हणाला, "हे धोतर इमानातनं दिसतं का? नदीच्या अंगानं खाली येताना, झाडाखाली पलटन हाय, बांधावर हे. दिसतं का?"

मास्तरांनी विचारलं. साहेबानं धोतराकडं पाहिलं, मग कोंडीबाकडं पाहिलं. शाळकरी पोरानं पत्र वाचावं तसा तो सावकाश, शब्द जुळवून बोलला. मास्तरांनी एकेक वाक्य मराठीत केलं, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःचं एक अक्षर घातलं नाही.

"नाही म्हणतात. तिथं सगळंच पांढरं होतं. दगड पांढरे, घरं पांढरी, वाटा पांढऱ्या. एवढ्या वेगात कापड वेगळं दिसत नाही. तुमच्या हवालदाराला उगीच भीती होती म्हणतात."

कोंडीबानं शिडीचा गज धरला. त्याच्या छातीतून एक श्वास असा बाहेर पडला, की मास्तरांना वाटलं म्हातारा रडतोय. आणि रडतच होता तो. तीस वर्षांचं ओझं कुणी हातानं उचलून बाजूला ठेवावं, तसं त्याला झालं.

साहेबालाही बरं वाटलं असावं. तो आणखी समजावून सांगायला लागला.

"म्हणतात, वरून काहीच दिसत नाही. झाडाखाली हजार माणसं बसली असतील आणि गप्प असतील, तर आम्ही तसेच निघून जायचो. हलतं तेवढंच दिसतं. एखादा माणूस उठून पळाला की मग दिसतं. तो दिसला की बाकीचेही दिसतात."

मास्तर पुढं काय बोलले ते कोंडीबाला ऐकू आलं नाही. तो शिडीवरून उतरला, धोतर उचललं, त्याची घडी न घालताच काखेत मारलं आणि गेटवर जाऊन उभा राहिला. मालक बाहेर पडले तरी त्याचा हात सलामाला उठला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. तो गेटपासून शेडपर्यंत आणि शेडपासून गेटपर्यंत नुसता फिरत राहायचा. मल्लव्वानं मुद्दाम दोन पांढरे टॉवेल दोरीवर टाकून पाहिले. तो जवळून गेला, बघितलंदेखील नाही. तिनं धाडस करून वीस टाकले. मग तिलाच करमेना.

"मामा, ओरडा की हो," ती म्हणाली. "बरं न्हाय का तुमाला?"

"घाल भाइर," कोंडीबा म्हणाला. "कापडानं काय हुतंय. कापूड गरीब हाय."

रविवारी तो एसटीनं करकंबला गेला. मनाशी ठरवून गेला होता की सोनाबाईला सगळं सांगायचं. ती पदर डोक्यावर ओढून चुलीपुढं बसली होती, केस पांढरे झालेले. तिनं ताट वाढलं.

"लई वाळलासा भावजी. जेवत न्हाय काय?"

"जेवतो की."

"मंग असं का बगताय?"

तीस वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्याकडं बघत होता, आणि हे तिच्याही लक्षात आलं होतं. त्याच्या ओठांवर शब्द आले होते. मी हाक मारली म्हणून तो उठला, एवढं सहा शब्दांचं वाक्य. ते त्यानं पाण्याबरोबर गिळलं आणि चारच्या गाडीनं परत आला. सगळ्या वाटेवर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, तरुणपणीचा, खणखणीत.

मशीन चालू झालं. साहेबाचा निघायचा दिवस आला. मालकांनी त्याला शाल आणि चादर दिली, फेटा बांधला, गळ्यात हार घातला. फोटो झाल्यावर फेटा तसाच डोक्यावर ठेवून साहेब गेटपाशी आला. दारात थांबून त्यानं अंगठ्यानं सूर्य झाकला, आभाळ तपासलं आणि मग तो कोंडीबाच्या खोलीच्या पायरीवर बसला. मास्तर मागं होतेच.

"साहेब म्हणतात, तुम्ही मला एक विचारलंत, आता मला तुम्हाला एक विचारायचंय," मास्तर म्हणाले. त्यांचा हात न सांगताच सदऱ्यात गेला होता. "एवढी वर्षं कुणाला विचारलं नाही. विचारायला खालचा माणूसच भेटला नाही म्हणतात."

साहेब बोलत होता आणि बोलताना स्वतःच्या गुडघ्याकडं बघत होता.

"आफ्रिकेत एक रस्ता होता. मोटारी चालल्या होत्या. मी खाली आलो, तशी सगळी माणसं उतरून चराकडं पळाली, माझ्यापासून लांब. तेच करतात सगळे. पण एकजण चरातून उठला आणि उलटा, माझ्याकडं पळत आला. हातात बंदूक नव्हती. उघड्यावर, एकटा. तोंडसुद्धा दिसलं मला, तरुण होता. मी अंगठ्यानं बटण दाबलं. म्हणतात, त्यानंतर फार माणसं मारली, ती आठवत नाहीत. हा रोज आठवतो. तो माझ्याकडं का पळत आला? वेडा होता का? तुम्ही खाली होतात, तुम्हाला ठाऊक असेल."

गेटबाहेरून सायकली जात होत्या, पाळी सुटली होती. कोंडीबानं हातातली काठी भिंतीला टेकवली.

"सांगा त्याला," तो म्हणाला, "येडा न्हवता. मागनं कुनीतरी हाक मारली असंल. आपल्याच मानसानं. काय तरी आन म्हनून."

मास्तरांनी सांगितलं. साहेबाची मान हळूहळू वर आली. तो कोंडीबाकडं बघत राहिला, आणि कोंडीबाला कळलं की हा माणूस वाट बघतोय. जे सोनाबाईपुढं निघालं नव्हतं ते आता घशाशी आलं होतं. पण मास्तर समोर होते, आणि मास्तरांना कळलं की उद्या सोलापूरच्या साऱ्या नव्या पेठेला कळणार. म्हणून त्यानं ते मास्तरांना न येणाऱ्या भाषेत सांगितलं.

"फ्रातेल्लो," तो म्हणाला. मग हाताचा पेला तोंडापाशी नेऊन, लांबवर हाक मारतात तसा धरला. आवाज मात्र काढला नाही. हात खाली आणून छातीवर ठेवला. "इयो."

माझा भाऊ. मी.

साहेबानं उजवा हात उचलला. ज्या अंगठ्यानं तो सूर्य झाकायचा, त्याच्याकडं त्यानं जरा वेळ पाहिलं. फेटा एका कानावर घसरला होता, तो त्यानं सावरला नाही.

"आंकीयो," तो म्हणाला. आणि पुन्हा, अगदी हळू, "आंकीयो."

"काय म्हणाले?" मास्तर पुढं वाकले. "हे काही इंग्रजी नव्हे. काय म्हणाले साहेब?"

"काय न्हाय मास्तर," कोंडीबा म्हणाला. "भाकरी मागतोय. मला पन द्या म्हनतोय."

मास्तर मालकांच्या घरी भाकरीचा निरोप द्यायला लगबगीनं गेले. गाडी स्टेशनला निघायला अजून थोडा अवकाश होता. कोंडीबा पायरीवर, साहेबाच्या शेजारी बसला.